जुन्या ट्रॅक्टरचें इंजिन अडखळूं लागलें असतां दोष कसा शोधावा

पाऊस उघडून जमिनीस वाफसा आला म्हणजे पाळी-पेरणीस मिळणारे दिवस मोजकेच असतात. नेमक्या त्याच दिवसांत घरचा जुना ट्रॅक्टर अडखळूं लागला, काळा धूर ओकूं लागला किंवा तासाच्या मध्येंच बंद पडूं लागला, तर शेतकऱ्याची कशी तारांबळ उडते हें वाचकांस सांगावयास नको. अशा वेळीं मनुष्य घाईंत जो भेटेल त्याचा सल्ला घेतो. कोणी म्हणतो पंप गेला, कोणी म्हणतो नोझल गेलीं, कोणी सबंध इंजिन खोलावयास सांगतो. पंप उतरवून शहरांत जातो, चार दिवस मोडतात, पैसा खर्च होतो. आणि पंप परत बसविल्यावर इंजिन पूर्वीप्रमाणेंच अडखळतें, कारण मूळ दोष टाकीच्या झांकणांत किंवा एखाद्या तांब्याच्या वॉशरांत असतो.

दोष कोठें आहे हें ठरविणें आणि तो दुरुस्त करणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. दुसऱ्या कामास पुष्कळदां कुशल मिस्त्री व बारीक हत्यारें लागतात. पहिलें काम मात्र दोन-तीन पाने, स्वच्छ फडकें, हात-दोन हात पारदर्शक नळी आणि थोडा धीर एवढ्या सामुग्रीवर मालकास स्वतः करतां येतें. त्या कामाची पद्धत सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एक मर्यादा प्रथमच सांगून ठेवतों. खालील विवेचन यांत्रिक पंप व साधीं नोझलें असलेल्या जुन्या डिझेल इंजिनांस लागू आहे. अलीकडील कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत नळ्यांतील दाब अतिशय मोठा असतो. त्यांची नळी इंजिन चालू असतां कधींहि सैल करूं नये.

इंजिनास काय लागतें.—रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्याचें मूळ तत्त्व आजहि तेंच आहे. पेट्रोल इंजिनांत ठिणगीनें मिश्रण पेटवितात. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन वर येतांना सिलिंडरांतील हवा मूळच्या सुमारें १६ ते २० पट दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते कीं, नोझलमधून बारीक तुषारांच्या रूपानें आलेलें डिझेल तिच्यांत पडतांच आपोआप पेट घेतें. म्हणजे या इंजिनास चार गोष्टी लागतात: पुरेशी स्वच्छ हवा, हवा व पाणी यांचा अंश नसलेलें स्वच्छ डिझेल, पुरता दाब, आणि डिझेल आंत पडण्याची योग्य वेळ.

आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, यांपैकीं कांहीं गोष्टी सर्व सिलिंडरांस सामायिक आहेत व कांहीं प्रत्येकाच्या स्वतंत्र आहेत. टाकी, फिल्टर, फीड पंप, एअर क्लीनर, गव्हर्नर व पंपाचें टायमिंग हीं सर्वांचीं सामायिक होत. नोझल, नोझलकडे जाणारी हाय-प्रेशर नळी, व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा हीं ज्या त्या सिलिंडरचीं स्वतंत्र होत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, दोष एका सिलिंडरचा आहे कीं सर्वांचा? या एका प्रश्नाच्या उत्तरानें निम्मा शोध पुरा होतो.

कान व डोळे यांचा उपयोग.—हत्यार हातीं घेण्यापूर्वीं लक्षण नीट पाहावें. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटास ६०० फेऱ्यांनीं मंद चालत असतां प्रत्येक सिलिंडर मिनिटास ३०० वेळां, म्हणजे सेकंदास ५ वेळां पेटतो. तीन सिलिंडरच्या इंजिनांत हे ठोके सेकंदास १५ होतात. त्यांतील एक सिलिंडर मारीत नसेल तर तालांत नियमित खंड पडतो, व सबंध ट्रॅक्टर लंगड्या बैलाप्रमाणें झोके देतो. यासच मिस्त्री लोक ‘मिसिंग’ म्हणतात. वेग वाढविला कीं हा खंड कानास कमी जाणवतो. याकरितां परीक्षा मंद चालीवरच करावी.

ठोके नियमित असून केवळ सांगाडा हादरत असेल तर इंजिन बसविण्याचे बोल्ट सैल आहेत काय तें पाहावें. तो ज्वलनाचा दोष नव्हे. वेग आपोआप वाढतो, पडतो, पुन्हा वाढतो, असें होत असेल तर डिझेलमध्यें हवा शिरली आहे किंवा गव्हर्नरचा दांडा अडकतो आहे. इंजिन सकाळीं ठीक चालून कामाच्या ओझ्याखालीं हळूंहळूं दम टाकीत असेल तर डिझेलचा पुरवठा अपुरा पडत आहे. केवळ सकाळीं गार असतां अडखळत असेल आणि तापल्यावर सुधारत असेल तर दाब कमी पडण्याचा किंवा नोझल नीट न फवारण्याचा संशय घ्यावा.

यासोबत मालकानें स्वतःस आणखी दोन प्रश्न विचारावे. दोष एकाएकीं आला कीं हळूंहळूं वाढला? आणि तो येण्यापूर्वीं इंजिनास कोणाचा हात लागला होता काय? फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशीं दोष उत्पन्न झाला असेल तर प्रथम तो फिल्टर व त्याचें वॉशर पाहावें. दूर जाण्याची गरज नाहीं.

धुराची परीक्षा.—धूर काळा असेल तर डिझेलच्या मानानें हवा कमी पडत आहे, किंवा नोझल तुषार न करतां धार सोडीत आहे. मळणीच्या भुसकटांत किंवा उसाच्या पाचटांत ट्रॅक्टर चालला असेल तर एअर क्लीनर प्रथम उघडावा. ऑईल बाथ पद्धतीच्या एअर क्लीनरमध्यें ऑईल खुणेपर्यंतच भरावें. अधिक भरल्यास इंजिन तें ओढून घेतें आणि आवरेनासें धांवूं लागण्याचा धोका असतो.

पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ. गार सकाळीं तो थोडा वेळ येणें स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरहि तो येत राहिला, डोळ्यांस झोंबला व त्यासोबत मिसिंग असेल, तर एखादा सिलिंडर डिझेल घेतो पण पेटत नाहीं असें समजावें. मात्र पांढऱ्या धुरासोबत रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, किंवा ऑईल ताकासारखें दिसूं लागलें असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आंत जात आहे. अशा स्थितींत ट्रॅक्टर चालवूं नये. रेडिएटरचें झांकण इंजिन पूर्ण निवल्याशिवाय उघडूं नये, हें सांगणें नको.

निळा धूर ऑईल जळत असल्याचा होय. तो झिजलेल्या रिंगा व व्हॉल्व्ह यांकडे बोट दाखवितो.

डिझेलच्या वाटेचा तपास.—आमच्या मतें तपास नेहमीं टाकीपासून पंपाकडे, म्हणजे स्वस्त भागाकडून महाग भागाकडे न्यावा. कारण केवळ खर्चाचें नाहीं. पंपांतील दट्ट्या व त्याची नळकांडी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट इतकीच असते. असा भाग शेडमध्यें उघडला तर धुळीच्या कणानें निरोगी पंपहि बिघडतो. यास्तव पंप हा शेवटचा आरोपी मानावा.

प्रथम टाकीचें झांकण. त्यांत हवा आंत येण्यासाठीं बारीक भोंक असतें. तें चिखलानें बुजलें म्हणजे टाकींत पोकळी निर्माण होते, डिझेल पुढें येत नाहीं, व इंजिन कांहीं वेळानें गुदमरतें. ओझ्याखालीं दम टाकणाऱ्या इंजिनाचें झांकण सैल करून पाहावें. इंजिन लगेच सांवरलें तर दोष सांपडला.

त्यानंतर कांचेची वाटी. तिच्या तळाशीं डिझेलखालीं निराळे गोळे किंवा थर दिसला तर तें पाणी होय. वाटी काढून पुसावी, टाकींतील तळाचें डिझेल थोडें सोडून द्यावें, आणि तें एका कांचेच्या बाटलींत घेऊन स्थिर ठेवून पाहावें. मग फिल्टर. तो किती तास चालला याचा हिशेब नसेल तर वाद न घालतां बदलावा.

सर्वांत फसवा दोष हवेचा. फीड पंपाच्या पुढें डिझेल दाबाखालीं असतें. तेथें सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर गळतें व डोळ्यांस दिसतें. परंतु टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ही ओढीची वाट आहे. तेथें सांधा सैल असेल तर डिझेलचा थेंबहि बाहेर येत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत ओढली जाते. म्हणून कोरडा दिसणारा सांधा निर्दोष आहे असें समजूं नये. फीड पंपाच्या पुढें तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवावें. बुडबुडे जातांना दिसले तर मागील प्रत्येक सांधा, रबरी नळीची प्रत्येक चीर व वाटीखालील पॅकिंग तपासावें. तांब्याचें वॉशर वारंवार वापरल्यानें दबून कठीण होतें. शक्य तर नवें घालावें.

हवा बाहेर काढण्याची, म्हणजे एअर काढण्याची, रीत अशी: फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारीत राहावें. फेस थांबून अखंड धार आली म्हणजे स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूबाबत हेंच करावें. शेवटीं नोझलाकडील नळ्यांचे नट सैल करून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारावा, आणि डिझेल येऊं लागतांच नट आवळावे. लिव्हर हातास पोकळ लागत असेल तर फीड पंप बिघडला असें लगेच ठरवूं नये. आंतील कॅम पंपास वर उचलून धरीत असला तरीहि असें होतें. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा पाहावें.

कोणता सिलिंडर मारीत नाहीं.—सामायिक भाग निर्दोष ठरले आणि मिसिंग कायम राहिलें, तर दोषी सिलिंडर शोधावा. ही परीक्षा करण्यापूर्वीं गिअर न्यूट्रलमध्यें, हँडब्रेक ओढलेला, पी.टी.ओ. बंद, आणि शेडचीं दारें उघडीं असावीं. कोंडलेल्या जागेंतील धुरानें मनुष्य दगावतो. धोतराचा सोगा व उपरण्याचें टोक पंख्यापासून दूर ठेवावें. जवळ विडी पेटवूं नये.

मुख्य सावधगिरी हातांची. अशा इंजिनांतील नोझल सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरास १७५ ते २२० किलोग्रॅमच्या आसपास दाबानें उघडतात. एवढ्या दाबाचा तुषार कातडें भेदून मांसांत शिरतो. जखम टाचणीच्या टोंकाएवढी दिसते, पण आंत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास दुखत नाहीं म्हणून थांबूं नये; त्याच क्षणीं इस्पितळ गांठावें व डिझेल आंत शिरलें आहे हें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

आतां इंजिन मंद चालवून पहिल्या नोझलाच्या नळीचा नट, त्यावर जाड फडकें धरून, अर्धा-एक फेरा सैल करावा. त्या सिलिंडरचें डिझेल बाहेर जातें व तो पेटणें थांबतो. इंजिनाचा वेग स्पष्ट पडला, अडखळणें वाढलें, तर हा सिलिंडर काम करीत होता असें समजावें. नट आवळून दुसऱ्याकडे जावें. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यानें इंजिनाच्या चालींत कांहींच फरक पडत नाहीं, तोच कामचुकार होय. सर्वांच्या बाबतींत सारखाच फरक पडला तर दोष एकट्याचा नसून सामायिक आहे. पुन्हा मागें यावें.

याच निष्कर्षास दुसरा पुरावा हवा असेल तर गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाजवळ ओल्या फडक्यानें पाण्याचा एकेक थेंब लावावा. पेटणाऱ्या सिलिंडरजवळ थेंब चटकन सुकतो, न पेटणाऱ्याजवळ रेंगाळतो. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतूं मात्र नये, तडा जातो.

अदलाबदलीची कसोटी.—कामचुकार सिलिंडर सांपडला तरी कारण अजून सांपडलें नाहीं. इंजिन बंद करून त्याचें नोझल व शेजारच्या चांगल्या सिलिंडरचें नोझल यांची अदलाबदल करावी. नळ्यांचीं तोंडें स्वच्छ फडक्यानें झांकावीं, नोझलाची बैठक साफ करावी, खालील जुनें वॉशर काढून नवें घालावें, व दोन्ही बाजूंचे नट सारखे आवळावे. नंतर पुन्हा नट सैल करण्याची परीक्षा घ्यावी. दोष नोझलासोबत दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर नोझल दोषी. तेवढेंच तपासावयास द्यावें. दोष जागच्या जागीं राहिला तर नोझल निर्दोष, आणि संशय व्हॉल्व्ह, रिंगा किंवा पंप यांवर येतो.

या टप्प्यावर पंपाचा प्रकार पाहावा. ज्या पंपांत प्रत्येक सिलिंडरसाठीं स्वतंत्र दट्ट्या असतो, त्यांतील एकाच दट्ट्याच्या किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या दोषानें एक सिलिंडर मरूं शकतो. ज्या वाटप पद्धतीच्या पंपांत एकच यंत्रणा सर्व सिलिंडरांस पाळीपाळीनें डिझेल देते, त्यांत पंपामुळें एकच सिलिंडर बंद पडणें क्वचित् घडतें. अशा इंजिनांत एक सिलिंडर मारीत नाहीं म्हणून पंप उघडा असें कोणी म्हणाल्यास कारण विचारावें.

दाबाचा तपास.—प्रथम टॅपेटची फट फीलर गेजनें मोजावी. तिचें योग्य माप त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेलें असतें. तें गार इंजिनासाठीं आहे कीं तापलेल्या, हेंहि पाहावें. फट अगदीं बुजली असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं व दाब निसटतो. फट ठीक असून ब्रीदरमधून धुराचे भपकारे येत असतील, ऑईल अधिक लागत असेल, आणि सकाळीं इंजिन मुष्किलीनें सुरू होत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावें, आणि सर्व सिलिंडरांचे आंकडे लिहून ठेवावे. एकाचाच आंकडा फार खालीं असेल तर त्याचा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सर्वांचेच खालीं असतील तर इंजिनाचें आयुष्य झालें. मोठ्या खर्चाचा विचार येथें करावा, यापूर्वीं नव्हे.

एक उदाहरण.—आमच्या पाहण्यांतील तीन सिलिंडरचा एक जुना ट्रॅक्टर रोटाव्हेटर ओढतांना अर्ध्या तासानें दम टाकून बंद पडे, आणि दहा मिनिटें विसावा दिला कीं पुन्हा निमूटपणें चालूं लागे. एका कारखान्यानें पंप उतरविण्याचा सल्ला दिला होता. मालकानें तत्पूर्वीं एक परीक्षा केली. स्वच्छ डबा पंपाहून उंच बांधून, त्यांत गाळलेलें डिझेल घालून, ट्रॅक्टरच्या टाकीऐवजीं त्या डब्याची नळी फीड पंपास जोडली. त्या डब्यावर ट्रॅक्टर तासभर ओझ्याखालीं न अडखळतां चालला. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझलें, दाब, सर्व एकाच परीक्षेनें निर्दोष ठरलें. उरली ती टाकी. ती रिकामी केल्यावर तळाशीं गोणपाटाची एक चिंधी निघाली. डिझेल वाहूं लागलें कीं ती ओढली जाऊन तोंडावर बसे. इंजिन थांबलें कीं खालीं पडे. विसाव्यानंतर चालण्याचें कारण हेंच.

या परीक्षेचा गुण असा कीं, तिचें उत्तर कोणतेंहि आलें तरी उपयोगी पडतें. डब्यावरहि ट्रॅक्टर बंद पडला असता तर टाकी व तिची नळी निर्दोष ठरून शोध पुढें सरकला असता.

पेट्रोलच्या जुन्या गाड्या.—कित्येक वाचकांकडे जुनी पेट्रोल जीप आहे. तिलाहि हाच न्याय लावावा. तेथें नोझलाऐवजीं स्पार्क प्लग असतो. इंजिन बंद असतां एकेक प्लगची वायर काढून, ती बॉडीस टेकवून बांधावी व इंजिन चालवावें. ज्या वायरीनें फरक पडत नाहीं तो सिलिंडर दोषी. चालू इंजिनाची वायर उघड्या हातानें ओढूं नये. नंतर प्लगची अदलाबदल वरीलप्रमाणेंच करावी. सर्वच सिलिंडर अडखळत असतील तर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, कार्ब्युरेटरमधील कचरा, किंवा कार्ब्युरेटरखालील पॅकिंगमधून शिरणारी हवा पाहावी.

नियम व नोंद.—एका वेळीं एकच बदल करावा आणि लगेच परीक्षा घ्यावी. फिल्टर, नोझल व टॅपेट यांना एकदम हात लावला आणि इंजिन सुधारलें, तर कोणत्या कारणानें सुधारलें हें कळत नाहीं. बिघडलें, तर तेंहि कळत नाहीं. एका वहींत तारीख, मीटरचे तास, लक्षण, केलेली परीक्षा व निष्कर्ष लिहून ठेवावा. मिस्त्री आला म्हणजे “ट्रॅक्टर बिघडला” असें न सांगतां “दुसरा सिलिंडर मारीत नाहीं, नोझल बदलून पाहिलें, दोष तेथेंच आहे” असें सांगावें. अशा मालकाकडे प्रामाणिक मिस्त्रीचें काम सोपें होतें, व दुसऱ्या प्रकारच्यास उगाच पंप उतरवितां येत नाहीं.

यांतील बहुतेक दोष डिझेल सांठविण्याच्या हयगयीनें उत्पन्न होतात. बॅरल सांवलींत, किंचित् तिरपें ठेवावें. भरल्यावर एक दिवस हलवूं नये. तळाचें चार बोटें डिझेल काढूं नये. ओतण्याचें नरसाळें व गाळणी झांकून ठेवावी. टाकी संध्याकाळीं काम संपतांच भरावी. रिकाम्या टाकींतील हवा रात्रीं गार होऊन तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें, व तेंच पाणी कांचेच्या वाटींत दिसतें. मृगापूर्वीं एक सकाळ या तपासणीस द्यावी. त्या वेळीं सांपडलेला दोष दुकान उघडें असतां व मिस्त्री रिकामा असतां दुरुस्त होतो. तोच दोष वाफशावर सांपडला तर पेरणी पुढें जाते.